परत ठेवलेला पापड

होळी होऊन आठ-दहा दिवस झाले की आमच्या गल्लीतला कडुलिंब फुलतो, आणि मला माझे पाय लपवावेसे वाटतात. हसू नका. पंच्याऐंशीच्या घरातल्या बाईला कसली आलीय लाज! पण खिडकीतून तो कडवट-गोड वास आत आला की पाय आपोआप पातळाखाली ओढले जातात. सून विचारते, "आई, थंडी वाजतेय का?" अंबरनाथच्या या उकाड्यात थंडी! मी म्हणते, "नाही गं, मुंग्या आल्यात." मुंग्या तर येतातच. साखर वाढल्यापासून डाव्या अंगठ्याला चिमटा काढला तरी कळत नाही. डॉक्टरांनी बजावलंय, रोज पाय बघत जा. मी रोज बघते. त्यांनी सांगायच्या कितीतरी आधीपासून मला ते ठाऊक आहे.

परवा सून म्हणाली, "तुमचं वाकणं होत नाही, नखं मी काढते." मी म्हटलं, छे छे, काहीतरीच काय! आणि मला एकदम कॅम्पातली अम्मा दिसली, खाटेवर बसलेली, पाय चादरीत गुंडाळून.

फाळणीनंतरचं तिसरं-चौथं वर्ष असेल. मी अकरा वर्षांची. बाबा इथे कारखान्यात फिटर म्हणून लागले आणि आम्ही नगरहून अंबरनाथला आलो. चाळीत आमचं एकच ख्रिस्ती बिऱ्हाड. वालधुनी ओलांडली की पलीकडे लढाईच्या वेळच्या लष्करी बराकी होत्या, आणि त्यात सिंधमधून आलेली माणसं भरली होती. उल्हासनगर हे नाव कागदावर आलं असेल, आमच्या तोंडी 'कॅम्प'. एकेका लांबलचक बराकीत गोणपाटं टांगून दहा-दहा संसार केलेले. दारांवर काळ्या रंगात मोठाले आकडे होते, सैन्यानं लिहिलेले. त्या आकड्यांखालून म्हातारी माणसं वाकून आत-बाहेर करायची, आणि मला उगीचच वाटायचं की या आकड्यांचा काहीतरी वाईट अर्थ असणार.

त्या वर्षी उन्हाळा फार लवकर आला. आमच्या उपवासाच्या दिवसांत, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या त्या चाळीस दिवसांतच, वालधुनीत पाण्याची नुसती डबकी उरली होती, हिरवी, बुडबुडे येणारी. पलीकडच्या काठावर एक पळस पेटल्यासारखा फुललेला. कारखान्याचा भोंगा झाला की त्याच्यावरचे कावळे सगळे एकदम उठायचे आणि कॅम्पाच्या बाजूला जायचे. तिकडे बराकींच्या मधल्या मोकळ्या जागेत खाटांवर पापड वाळत घातलेले असायचे.

आई दर शुक्रवारी तिकडे जायची. लग्नाआधी ती नगरला मिशनच्या दवाखान्यात वॉर्डात आया होती. नर्स नाही, आया. आमच्या चर्चच्या मंडळीतल्या दोन-चार शिकलेल्या बायका हा फरक तिला अधूनमधून गोड बोलून जाणवून द्यायच्या. कॅम्पात एकदा ती कापडाचा तुकडा बघायला गेली होती. तिथे एक म्हातारी लंगडत चालताना दिसली. आई तिच्या पायाशी बसली आणि म्हणाली, "बघू." बस्स. तेव्हापासून सुरू झालं. पिशवीत एक पत्र्याचा डबा असे. त्यात न्हावी नखं काढायला वापरतात ती नराणी, जुन्या धोतराच्या स्वच्छ चिंध्या, आणि भेगांत भरायला कोकमाच्या तेलाचा गोळा, शेजारच्या रत्नागिरीकडच्या काकूंनी दिलेला. कडुलिंबाचा पाला आम्ही वाटेत तोडायचो. कॅम्पात पाणी ऊन करून घ्यायचं, त्यात पाला टाकायचा, घरून नेलेल्या घमेल्यात पाय भिजवायचे, नखं काढायची, भेगा भरायच्या. एवढंच. आधी ती शनिवारी जायची. अम्मानं पाय मागे घेतला. "शनिचरवार को नाखून?" आई म्हणाली, बरं, शुक्रवारी येते. वाद नाही, उपदेश नाही.

अम्मा म्हणजे त्या पहिल्याच दिवसाची म्हातारी. तिकडे सिंधमध्ये मोठ्या घरची होती. दारात घोडी होती म्हणे. इथे एका खाटेवर, गोणपाटाआड, विधवा सुनेबरोबर. सून पापड लाटून विकायची आणि आईला 'अदी' म्हणायची. त्यांच्यात थोरल्या बहिणीला म्हणतात तसं. अम्मा मात्र फारसं बोलायची नाही. तिची एकच रीत होती. आईचं काम झालं की ती सुनेकडे नुसती बघायची, आणि सून चुलीवर एक पापड भाजून तांब्याभर पाण्याबरोबर आईपुढे ठेवायची. त्यांच्याकडे आल्यागेल्याला पापड-पाणी दिल्याशिवाय सोडत नाहीत. मग ते राजवाड्यात असोत की गोणपाटाआड. आई तो पापड तिथेच बसून खायची, उपासाच्या दिवसांतही. मी एकदा विचारलं, "आई, आज आपला उपास ना?" ती म्हणाली, "गप खा. तिच्या हातचं घेतलं नाही तर मी तिचा पाय कुठल्या तोंडानं हातात घेऊ?" तेव्हा मला त्यातलं काही समजलं नाही. पापडात मिरी फार असायची, एवढंच आठवतं.

आईनं मला ताकीद दिली होती. "कॅम्पात काय करतो ते कुणाजवळ बोलायचं नाही. समजलं?" समजलं कसलं! माझ्या तोंडात तीळ भिजत नसे. रविवारच्या शाळेत बाईंनी मुलांना विचारलं, या आठवड्यात प्रभूसाठी कोणी काय केलं? कुणी भावाला पेरू दिला होता, कुणी आजीचा चष्मा शोधून दिला होता. माझी पाळी आली. माझ्याकडे स्वतःचं सांगायला काही नव्हतं. मग मी आईचं काढलं. "माझी आई कॅम्पात म्हाताऱ्या माणसांचे पाय धुते. नखंपण काढते. आणि मी पाणी देते." बाईंनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. अंगावर मूठभर मांस चढलं माझ्या.

पुढच्या रविवारी पाळकसाहेबांनी, म्हणजे आमच्या धर्मगुरूंनी, भर उपासनेत आईचं नाव घेऊन देवाचे आभार मानले. भला माणूस होता तो, आजही मी त्याला वाईट म्हणणार नाही. मी चटईवर आईला चिकटून बसले होते. आई माझा कान पिरगाळणार या भीतीनं अंग चोरलं. पण तिनं डोकं खाली घालून नुसता पदर सारखा केला. घरी गेल्यावरही कान पिरगाळला नाही.

त्याच शुक्रवारी तिनं अम्माच्या डाव्या अंगठ्याशी मसुरीच्या डाळीएवढा काळा ठिपका पाहिला. नख मांसात शिरलं होतं. आईनं बोटानं दाबलं. "दुखतंय?" अम्मानं मान हलवली, नाही. आईच्या कपाळाला आठी पडली. दुखलं असतं तर बरं, असं ती पुटपुटली. वॉर्डात असले अंगठे तिनं पाहिले होते. सुनेला म्हणाली, "पुढच्या शुक्रवारी उघडून साफ करते. तोवर पाय कोरडा ठेवा, कुणाला हात लावू देऊ नका." परत येताना वालधुनीच्या कोरड्या पात्रात एक कुत्रं आमच्या मागे मागे चालत होतं, काठापर्यंत. माझ्या मनात पाल चुकचुकली, पण कशाबद्दल ते कळेना.

आणि मधेच गुरुवार आला. गुड फ्रायडेच्या आदल्या दिवसाचा. प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले तो दिवस. पाळकसाहेब म्हणाले होते, "या वर्षी आपण नुसतं वाचायचं नाही. करायचं." दुपारी चारच्या उन्हात आम्ही बाराजण कॅम्पात निघालो. पांढरे कपडे, उसना आणलेला नवाकोरा कळई केलेला मोठा पितळी परात-तांब्या, घडीचे टॉवेल, गाण्याला पेटी. मी पुढे, वाट दाखवायला. केवढी ऐट माझी! आई सगळ्यांच्या मागे.

बराकीपुढच्या पापडांच्या खाटा बाजूला सारून म्हाताऱ्यांना बाकावर ओळीनं बसवलं. पहिली अम्मा. मोठ्या घरची बाई ती, परक्या पुरुषापुढे तिनं कधी तोंडावरचा पदर काढला नव्हता. तिचा पाय पाळकसाहेबांनी परातीत घेतला. पेटी वाजत होती. बराकीतली माणसं दारांत उभी राहून बघत होती, त्या काळ्या आकड्यांखाली. कुणीतरी मागून म्हणालं, "क्रिस्तान बनाने आए हैं." अम्मानं डोळे मिटून घेतले होते. एक कावळा आला आणि बाजूच्या खाटेवरचा पापड उचलून घेऊन गेला. त्याला हाकलायला कुणी उठलं नाही.

पाळकसाहेबांनी टॉवेलानं पाय पुसला, बोटाबोटांतून, अगदी मनापासून. तो काळा ठिपका टॉवेलाखाली गेला, पुन्हा वर आला. आता पावलीएवढा झाला होता. मी आईकडे पाहिलं. तिलाही दिसला होता. ती एक पाऊल पुढे आली आणि थांबली. बारा लोकांत, चालू गाण्यात, पाळकांना कसं थांबवायचं?

गाणं संपलं. सून आतून ताट घेऊन आली. बारा पापड होते, चांगले भाजलेले, आणि पाण्याचे दोन तांबे. दोन दिवसांच्या विक्रीचे असतील ते. तिनं ताट पाळकसाहेबांपुढे धरलं. त्यांनी हात जोडले. "नको बाई. आज आमचा उपास. आणि आम्ही घ्यायला नाही आलो, द्यायला आलोय." किती सौजन्यानं म्हणाले! ताट पुढे सरकलं. एकानं हात जोडले, दुसऱ्यानं जोडले, तिसऱ्या बाईंनी जोडले. सगळे हसतमुख. ताट फिरत फिरत आईपुढे आलं. आईनं सवयीनं पापड उचललासुद्धा. मग तिच्या लक्षात आलं, सगळी मंडळी आपल्याकडे बघतेय. ज्या बायका तिला आया म्हणायच्या, त्याही.

आईनं तो पापड परत ताटात ठेवला.

एवढासा आवाज झाला, कट्. अम्मानं डोळे उघडले होते. ती आईकडेच बघत होती.

दुसऱ्याच दिवशी, ठरलेल्या शुक्रवारी, आम्ही गेलो तर गोणपाट खाली सोडलेलं होतं. सून बाहेर आली, पण वाटेतून हटली नाही. "अदी, अब नहीं. अम्मा बोलती है, हमको किसी की ज़रूरत नहीं." आई म्हणाली, "मला बसायचं नाही. फक्त अंगठा बघू दे. एकदा." आतून अम्माचा आवाज आला. काय म्हणाली ते कळलं नाही, पण सुनेनं मान खाली घातली. आम्ही परत फिरलो. त्याच्या पुढच्या शुक्रवारी तेच. त्याच्या पुढच्या शुक्रवारी तर शेजारच्या बराकीतल्या बायकांनी आम्हाला बघून पोरं आत ओढून घेतली. आई दाराबाहेर उभी राहून सांगत होती, "पाय काळा पडला की थांबू नका, मला हाक मारा, कुठलीही वेळ असू दे." गोणपाटाला सांगत होती. आत कुणी ऐकतंय की नाही, काय ठाऊक.

तिसऱ्या खेपेला आई निघता निघता थांबली आणि नाकानं हवा ओढली. मलाही आला तो वास. गोडसर, आंबट. पुढे कितीही कडुलिंब फुलले तरी त्या वासावर दुसरा वास चढला नाही.

सून आली ती वैशाखात, भर दुपारी, अनवाणी, वालधुनीच्या तापल्या खडकांवरून धावत. काही सांगायची गरजच पडली नाही. आई चूल तशीच ठेवून उठली. बाबा कारखान्यातून सुटी मागून आले, अम्माला खाटेसकट उचलून स्टेशनावर नेलं, आणि मुंबईच्या मोठ्या इस्पितळात तिचा पाय गुडघ्याखालून कापावा लागला.

अम्मा घरी आली तेव्हा ज्येष्ठ लागला होता. आभाळ रोज भरून यायचं आणि कोरडंच निघून जायचं. सुनेनं गोणपाट आता वर बांधून ठेवलं होतं, आम्हाला या म्हणाली. पण अम्मा खाटेवर पाठ करून बसली होती. उरलेला पाय चादरीत घट्ट गुंडाळलेला. इस्पितळात सांगितलं होतं, हा पाय जपा, याचीही नखं वाढलीत, मांसात शिरली तर हाही जाईल, आणि मग बाईही. सून हात लावायला गेली की अम्मा हात झटकायची. आई समोर बसली, पाणी ऊन केलं, पाला टाकला. पाणी गार झालं. आम्ही उठलो. दुसऱ्या शुक्रवारीही तसंच. चादरीतून एकदा अंगठ्याचं टोक दिसलं. नख पिवळं, वाकडं, आत वळलेलं.

परत येताना नदीच्या पात्रात मी रडायला लागले. "आई, हे माझ्यामुळे झालं ना?"

मला वाटलं होतं ती म्हणेल, नाही गं बाळ. तशी बाई नव्हती ती. डोईवरचं घमेलं खाली ठेवून एका खडकावर बसली. "थोडं तुझ्यामुळे," ती म्हणाली. "तू बोललीस. पण पोर होतीस, बोललीस. मी काय केलं? उपासनेला देवळात माझं नाव घेतलं तेव्हा मला गोड लागलं गं. फार गोड लागलं. त्याच वेळी उभं राहून सांगायला हवं होतं, पाळकसाहेब, ही घरातली गोष्ट आहे, चव्हाट्यावर नको. नाही सांगितलं. ठिपका दिसला, तेव्हाही बोलले नाही. आणि त्या बायकांपुढे मी अम्माचा पापड परत ठेवला. पाय धुणं काय, कुणीही धुतं. मोठेपणाच वाटतो त्यात, हे तेव्हा कळलं मला. तिनं दिलेलं मला घेता आलं नाही." मग पदरानं माझं नाक पुसलं, जरा जोरातच, आणि म्हणाली, "चल. तुझ्या बाबांचा भोंगा होईल."

आता हे मी लिहितेय, म्हणजे पुन्हा तोंडाला कुलूप नाहीच. आईला आवडलं नसतं. आयुष्यभर शाळेत शिकवलं, मंडळीत पुष्कळ पदं सांभाळली, कुणाकुणाच्या उपयोगी पडले. दरवेळी कुणी कौतुक केलं की तो कट् असा आवाज ऐकू यायचा. आणि तरी परवा माझ्या सुनेला छे छे म्हटलंच की नाही? द्यायला मी केव्हाही तयार असते. घ्यायची वेळ आली की पाय पातळाखाली जातात. हे लिहून झालं की तिला हाक मारायची आहे. बघू जमतंय का.

अम्मा इस्पितळातून आल्यानंतरच्या तिसऱ्या शुक्रवारी सकाळपासून अंधारून आलं होतं. वारा पडलेला, बराकीत दिवसाढवळ्या चिमणी लावलेली. घामानं गोणपाटसुद्धा ओलं वाटत होतं. अम्माची सून आम्हाला बघून नुसतीच उसासली. अम्माला दोन दिवस कणकण होती. चादरीच्या टोकाला, अंगठ्याच्या जागी, पिवळट डाग पडला होता. आई त्या डागाकडे बघत राहिली. पाणी ऊन झालं होतं, पाला टाकून झाला होता. पण या वेळी आईनं घमेलं खाटेजवळ नेलंच नाही. डबाही उघडला नाही. ती जमिनीवर बसली, अम्माच्या पाठीशी, आणि हात पुढे केला. मागायला करतात तसा.

"अम्मा," ती म्हणाली, "भूख लगी है. पापड दो."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझी आई, मागतेय! सून चुलीशी थबकली. अम्मा हलली नाही. बाहेर कुठेतरी पत्रा वाजला. आईचा हात तसाच पुढे. किती वेळ गेला कोण जाणे. मी म्हणणार होते, आई, चल ना घरी. तेवढ्यात अम्मानं मान वळवली. तिनं आईच्या हाताकडे पाहिलं, तोंडाकडे पाहिलं, खूप वेळ पाहिलं. मग सुनेकडे नजर टाकली, पूर्वी टाकायची तशी.

पापड एका कडेला करपला होता. आईनं त्याचे दोन तुकडे केले, एक मला दिला. मिरी तोंडात चरचरली, डोळ्यांत पाणी आलं. आईनं शेवटचा चुरासुद्धा बोटानं टिपून खाल्ला, तांब्यातलं पाणी घटाघटा प्यायली, आणि पदराला हात पुसले.

अम्मानं चादर बाजूला केली आणि पाय पुढे केला, तो एकच उरलेला. मी घमेलं सरकवलं.